मस्करीची कुस्करी होण्यापूर्वी

अॅलर्जीच्या दवाखान्यात आलेल्या मुलाला डॉक्टर जे प्रश्न विचारतात, ते त्याच्या पालकांना एव्हाना पाठ झालेले असतात. काय खाल्ल्यावर त्रास झाला, किती वेळाने झाला, अंगावर गांधी उठल्या का, श्वास लागला का, उलटी झाली का? आई उत्तरे देत असते आणि मूल खुर्चीवर पाय हलवत बसलेले असते. हे सारे संपल्यावर काही डॉक्टर आणखी एक गोष्ट करतात. आईवडिलांना पाच मिनिटे बाहेर बसण्याची विनंती करून ते मुलाला विचारतात, "शाळेत डबा खाताना तू कुणाजवळ बसतोस?"

वरवर पाहता या प्रश्नात वैद्यकशास्त्राचे काहीच नाही. परंतु त्याचे उत्तर पुष्कळदा लगेच येत नाही. मूल खाली पाहते, नखे कुरतडते आणि मग हळू आवाजात सांगते की, आपण एकटेच बसतो. किंवा मधल्या सुट्टीत आपण डबा उघडतच नाही. किंवा एक मुलगा रोज शेंगदाण्याची वडी नाकासमोर धरून "खा की, बघू काय होते" असे म्हणतो. रक्ताच्या तपासणीत जे दिसत नाही, ते या एका प्रश्नाने समोर येते.

अन्नाची अॅलर्जी असलेल्या मुलांचा त्या अॅलर्जीवरूनच छळ होतो, ही गोष्ट गेल्या पंधरा-वीस वर्षांत वैद्यकशास्त्राने गांभीर्याने घेतली आहे. हा केवळ शिस्तीचा विषय नसून आरोग्याचा विषय आहे आणि म्हणून तो डॉक्टरांच्या कक्षेत येतो, असे आता अनेक तज्ज्ञ मानतात. ते काय करतात आणि त्यातून आपण घरात, शाळेत व पंगतीत काय शिकावे, याचा विचार या लेखात करू.

'वावडे' या शब्दाची अडचण

आरंभ आपल्या भाषेपासूनच करू. 'अॅलर्जी' हा शब्द रुळण्यापूर्वीपासून मराठीत 'वावडे' हा सुंदर शब्द आहे. मात्र तो आपण किती अर्थांनी वापरतो ते पाहा. "त्याला कारल्याचे वावडे आहे" असे म्हणताना आपल्याला नावड सांगायची असते. "त्याला शिस्तीचे वावडे आहे" म्हणताना टोमणा मारायचा असतो. आणि "त्याला शेंगदाण्याचे वावडे आहे" हे वाक्य एखाद्या मुलाच्या बाबतीत जिवावरच्या संकटाची सूचना असते. नावड, टोमणा आणि धोका ही तिन्ही एकाच शब्दात राहत असल्यामुळे ऐकणारा त्यातला सर्वांत हलका अर्थ उचलतो. मूल नखरे करते, आईने त्याला लाडावून ठेवले आहे, हा निष्कर्ष तेथूनच निघतो. छळाचे बीजही पुष्कळदा तेथेच पडते.

'अॅलर्जी' हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. 'वेगळी' आणि 'क्रिया' अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो तयार झाला आहे. इतरांना जो पदार्थ पोषक ठरतो, त्यावर एखाद्याचे शरीर वेगळीच प्रतिक्रिया देते, असा त्याचा भाव. आपली रोगप्रतिकारक यंत्रणा जंतूंशी लढण्यासाठी असते. अॅलर्जी असलेल्या व्यक्तीत ती दुधातील, शेंगदाण्यातील, काजूतील किंवा तिळातील प्रथिनालाच शत्रू समजते. त्याच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे तयार होतात आणि शरीरातील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढे तो पदार्थ पोटात गेला की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन व इतर रसायने बाहेर टाकतात. मग गांधी उठतात, ओठ व डोळे सुजतात, उलट्या होतात, घसा आवळल्यासारखा वाटतो. प्रतिक्रिया तीव्र असेल तर श्वासनलिका आकुंचन पावते, रक्तदाब कोसळतो आणि काही मिनिटांत जिवाला धोका निर्माण होतो. या अवस्थेला 'अॅनाफिलॅक्सिस' म्हणतात. मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत तत्काळ दिलेले अॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाच तिच्यावरचा पहिला उपाय आहे.

यासाठी पदार्थ फार लागत नाही. काही मुलांना अगदी अल्प अंश पुरतो. मनोबलाचा, चांगल्या सवयींचा किंवा संस्कारांचा येथे संबंध नसतो. "थोडे थोडे खाऊ घाला, सवय होईल" हा घरगुती सल्ला म्हणूनच घातक आहे. अतिसूक्ष्म मात्रेपासून आरंभ करून सहनशक्ती वाढवण्याची उपचारपद्धती आहे, पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आणीबाणीची तयारी ठेवूनच केली जाते. दूध न पचणे, पोट फुगणे हा प्रकारही वेगळा आहे. त्याने त्रास होतो, परंतु त्यात रोगप्रतिकारक यंत्रणेचा हा उद्रेक नसतो.

आकडे काय सांगतात

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील तज्ज्ञांचा सहभाग असलेली एक पाहणी २०१० साली अमेरिकेतील अॅलर्जीविषयक वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्यात ३५३ प्रश्नावल्यांचा अभ्यास होता आणि त्यांतील बहुतेक पालकांनी भरलेल्या होत्या. अन्नाच्या अॅलर्जीवरून आपल्याला किंवा आपल्या मुलाला चिडवले गेले, त्रास दिला गेला किंवा छळ झाला, असे सुमारे २४ टक्के जणांनी सांगितले. पाच वर्षांखालील मुले वगळली तर हे प्रमाण ३५ टक्क्यांवर जात होते. त्यांपैकी बहुसंख्य मुलांना हा अनुभव एकदा नव्हे, अनेकदा आलेला होता.

हा त्रास निव्वळ शब्दांचा नव्हता. छळ सोसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५७ टक्के जणांनी शारीरिक प्रसंग सांगितले. ज्या पदार्थाची अॅलर्जी आहे तोच अंगाला लावणे, अंगावर फेकणे, तोंडासमोर नाचवणे हे त्यांतले प्रकार होते. कुणाच्या खाण्यात तो मुद्दाम मिसळल्याच्याही तक्रारी होत्या. मन अस्वस्थ करणारी आणखी एक गोष्ट तेथे नोंदली गेली. त्रास देणाऱ्यांत वर्गमित्र सर्वाधिक असले, तरी सुमारे २१ टक्के जणांनी शिक्षक अथवा शाळेतील कर्मचाऱ्यांकडे बोट दाखवले. मोठी माणसे पदार्थ फेकत नाहीत हे खरे. पण "तुझ्यामुळे यंदा वर्गात खाऊ वाटता येणार नाही" हे वाक्य साऱ्या वर्गासमोर उच्चारले की उरलेले काम वर्ग करतो.

पुढे माउंट सायनाय येथेच अॅलर्जीच्या तपासणीसाठी आलेल्या २५१ कुटुंबांचा अभ्यास झाला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. यात आठ ते सतरा वयाच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना स्वतंत्रपणे प्रश्न विचारले होते. अन्नाच्या अॅलर्जीवरून आपला छळ होतो, असे सुमारे ३१ टक्के मुलांनी सांगितले. तेच सांगणाऱ्या पालकांचे प्रमाण मात्र सुमारे २५ टक्के होते. ज्या मुलांनी छळ होत असल्याचे सांगितले, त्यांच्यापैकी जेमतेम निम्म्या मुलांच्या आईवडिलांना त्याची कल्पना होती.

या अभ्यासातील दोन निष्कर्ष प्रत्येक पालकाने मनात कोरून ठेवावेत असे आहेत. पहिला असा की, छळामुळे मुलाच्या जगण्याची प्रत खालावते आणि ही हानी अॅलर्जी किती तीव्र आहे यावर अवलंबून नसते. रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण कमी असले म्हणून मनाची जखम लहान होत नाही. दुसरा निष्कर्ष आशादायक आहे. ज्या मुलांच्या पालकांना छळाची माहिती होती, ती मुले माहिती नसलेल्या घरांतील मुलांपेक्षा सुस्थितीत आढळली. म्हणजे घरातल्या कुणाला तरी ठाऊक असणे, हाच एक आधार असतो.

मुले का सांगत नाहीत?

मुलाच्या बाजूने विचार केला तर हे मौन समजते. या मुलाने आईला आधीच पुष्कळ चिंतेत पाहिलेले असते. प्रत्येक पाकिटावरील बारीक अक्षरे वाचणारी, वाढदिवसाच्या निमंत्रणावर क्षणभर गप्प होणारी, रात्री उठून श्वास तपासणारी आई त्याला ठाऊक असते. आपण आणखी एक दुःख तिच्या पदरात घालू नये, असे त्याला वाटते. तक्रार केली तर आपल्याला वेगळ्या बाकावर बसवतील, सहलीला नेणार नाहीत, चुगलखोर म्हणतील, ही भीती असते. आणि सर्वांत खोल रुतलेली समजूत ही की, चूक आपलीच आहे. आपण असे आहोत म्हणून हे घडते.

या समजुतीतून पुढचा धोका उद्भवतो. इतरांसारखे दिसावे म्हणून काही मुले अॅलर्जी लपवू लागतात. औषधाचा डबा दप्तराच्या तळाशी जातो, मग घरीच राहतो. कुणी आव्हान दिले म्हणून निषिद्ध पदार्थाचा घास घेण्यापर्यंत एखाद्या किशोराची मजल जाते. त्रास सुरू झाला तरी चारचौघांत सांगायला संकोच वाटतो, आणि अॅनाफिलॅक्सिसमध्ये तर मिनिटे मोलाची असतात. डॉक्टरांनी या विषयात लक्ष का घालावे, याचे सरळ उत्तर येथे आहे. छळ हा त्यांच्या उपचारालाच सुरुंग लावतो.

इंग्लंडमधील एका शाळेत २०१७ साली दुधाची तीव्र अॅलर्जी असलेल्या एका विद्यार्थ्याच्या अंगावर दुसऱ्या मुलाने चीजचा तुकडा फेकला. काही मिनिटांत त्याला श्वास घेणे कठीण झाले आणि काही दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. फेकणाऱ्याच्या मनात जीव घेण्याचा हेतू नव्हता, ते पोरकट अविचाराचे कृत्य होते, असे पुढील न्यायालयीन चौकशीत नमूद झाले. शाळेत ठेवलेल्या इंजेक्शनची मुदत उलटून गेलेली होती आणि अॅलर्जी जिवावर बेतू शकते याची पुरेशी जाण विद्यार्थ्यांना नव्हती, हेही तेथे उघड झाले. केवळ त्वचेच्या स्पर्शातून असे घडणे अत्यंत दुर्मीळ असते. तरीही मस्करीची कुस्करी होणे याचा इतका विदारक अर्थ क्वचितच समोर येतो.

पोरकटपणा मुलांपुरता मर्यादित असतो असेही नाही. २०१८ साली प्रदर्शित झालेल्या 'पीटर रॅबिट' या बालचित्रपटात ससे एका माणसावर, त्याला अॅलर्जी असलेल्या ब्लॅकबेरी फळांचा मारा करतात आणि त्याला स्वतःला इंजेक्शन टोचून घ्यावे लागते, असे विनोदी दृश्य होते. अॅलर्जीग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी त्यास तीव्र आक्षेप घेतला आणि निर्मात्या सोनी कंपनीला व चित्रपटकर्त्यांना खेद व्यक्त करावा लागला. दम्याने गुदमरणाऱ्या किंवा हृदयविकाराने कोसळणाऱ्या माणसावर मुलांना हसवण्याचे धाडस सहसा कोणी करणार नाही. अन्नाच्या अॅलर्जीवर मात्र आजही सर्रास हसले जाते.

डॉक्टर काय करतात?

पहिली पायरी म्हणजे विचारणे. मूल आपणहून सांगेल अशी वाट न पाहता, वजन व उंची तपासावी तितक्या सहजतेने हा प्रश्न विचारावा, अशी तज्ज्ञांची भूमिका आहे. आठ-दहा वर्षांपुढील मुलाशी काही वेळ एकट्याने बोलणे आवश्यक ठरते, कारण आईसमोर ते आईला जपत असते. "तुझा कुणी छळ करते का?" असा थेट प्रश्न टाकला तर बहुधा "नाही" हेच उत्तर येते. छळ हा शब्द त्याला मोठा वाटतो. म्हणून अनुभवी डॉक्टर बारीकसारीक गोष्टी विचारतात. डबा कुठे खातोस? तुझ्या अॅलर्जीबद्दल मित्र काय म्हणतात? कुणी गंमत म्हणून काही अंगाला लावले का? औषध जवळ ठेवायला लाज वाटते का?

दुसरी पायरी म्हणजे मुलाने जे सांगितले त्याला नाव देणे. "ही गंमत नव्हे, हे चूक आहे, आणि यात तुझा काही दोष नाही," हे वाक्य पांढऱ्या डगल्यातील माणसाने उच्चारले की त्याचे वजन वेगळे असते. आई तर नेहमीच आपली बाजू घेणार, हे मुलाला माहीत असते. डॉक्टरांचा शब्द त्याला निर्णयासारखा वाटतो. त्यानंतर, मुलाला विश्वासात घेऊन, पालकांना आत बोलावून सांगितले जाते. कोणत्या शब्दांत सांगायचे हेही मुलाशी ठरवले जाते.

तिसरी पायरी कागदावरची आहे. अॅलर्जी कोणत्या पदार्थाची आहे, लक्षणे कशी ओळखावीत, कोणते औषध कुठे ठेवले आहे, ते कुणी द्यावे, कुणाला फोन करावा, हे सारे एका पानावर लिहून डॉक्टर शाळेला देतात. छळ होत असेल तर त्याच पत्रात हे स्पष्ट केले जाते की, या मुलाच्या अंगावर वा अन्नात तो पदार्थ टाकणे ही खोडी नसून त्याच्या जिवाशी खेळणे आहे. पालकाच्या तक्रारीकडे शाळा 'काळजीवाहू आईचे गाऱ्हाणे' म्हणून पाहू शकते. स्वाक्षरी केलेल्या वैद्यकीय पत्राकडे तसे पाहता येत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१३ साली शाळांसाठी अन्नाच्या अॅलर्जीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि त्यांत छळाच्या प्रश्नाचीही दखल घेतली. इंग्लंडमध्ये आजारी विद्यार्थ्यांना आधार देणे हे २०१४ च्या कायद्याने शाळांचे कर्तव्य ठरले आणि ऑक्टोबर २०१७ पासून ब्रिटनमधील शाळांना अॅड्रेनलिनची जादा इंजेक्शने ठेवण्याची मुभा मिळाली.

चौथी पायरी भीतीला प्रमाणात आणण्याची आहे. काही मुले छळानंतर इतकी धास्तावतात की, शेजारी कुणी शेंगदाणे खाल्ले तरी त्यांचा श्वास कोंडतो. माउंट सायनाय येथील डॉक्टरांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असलेल्या ३० मुलांच्या त्वचेला दवाखान्यात, पूर्ण देखरेखीखाली, शेंगदाण्याचे लोणी लावून पाहिले आणि त्याचा वासही दिला. काहींच्या त्वचेवर तेवढ्या जागी लाली वा खाज आली, परंतु एकालाही सर्वांगावर किंवा श्वासावर परिणाम करणारी प्रतिक्रिया झाली नाही. मुख्य धोका तोंडावाटे पोटात जाण्याचा असतो, हे मुलाला समजले की त्याचे जग थोडे मोठे होते. तो मित्रांशेजारी बसू शकतो. अर्थात, ही चाचणी घरी करण्याची नव्हे आणि छळ करणाऱ्याला यातून मोकळीकही मिळत नाही. हाताला लागलेला पदार्थ मुलाच्या तोंडात जायला कितीसा वेळ लागतो?

पाचवी पायरी पाठपुराव्याची. वर उल्लेखिलेल्या मुलांपैकी अनेकांची वर्षभराने पुन्हा विचारपूस करण्यात आली, तेव्हा बऱ्याच जणांचा त्रास तसाच चालू असल्याचे दिसले. "मुलेच ती, होतील शहाणी" ही आपली आवडती समजूत येथे खोटी ठरते. ज्यांच्या पालकांनी शाळेशी बोलून पावले उचलली, त्यांच्या बाबतीत छळ थांबण्याची शक्यता अधिक होती. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टर तोच प्रश्न पुन्हा विचारतात. गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची किंवा समुपदेशकांची मदत घेण्यास सुचवतात, आणि ती घेणे म्हणजे मूल 'वेडे' ठरणे नव्हे, हेही पालकांना समजावतात.

छळाला सुरक्षिततेच्या नावाखाली आपणच हातभार लावत नाही ना, याकडेही हे डॉक्टर लक्ष वेधतात. अॅलर्जी असलेल्या मुलाला एकट्याला कोपऱ्यात बसवणारी शाळा त्याला पदार्थापासून वाचवते, पण साऱ्या वर्गाच्या नजरेत वेगळे पाडते. त्याऐवजी ज्यांच्या डब्यात तो पदार्थ नाही अशा दोन-चार मित्रांना त्याच्यासोबत बसू द्यावे. लक्षणे ओळखणारा आणि धावत जाऊन शिक्षकांना बोलावणारा एक मित्रही पुष्कळ मोठा आधार ठरतो.

आपली पंगत, आपला आग्रह

हे सारे न्यूयॉर्क-लंडनचे झाले, आपल्याकडे कुठे आहे असे, असे काही वाचकांच्या मनात येईल. भारतात अन्नाच्या अॅलर्जीचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळते हे खरे. परंतु ज्या घरात असे मूल आहे, त्या घरासाठी प्रमाणाला काही अर्थ नसतो. आपल्या शाकाहारी स्वयंपाकघरात तर ही कसोटी अधिक कठीण असते. कोशिंबिरीत दाण्याचा कूट, भाजीच्या रश्श्यात दाण्याचा कूट, चटणीत तीळ, मिठाईत काजू, चहापासून श्रीखंडापर्यंत दूध आणि बेसन तर सर्वत्र. भारतातील डॉक्टरांनी हरभऱ्याच्या अॅलर्जीचीही नोंद केलेली आहे. परदेशी गेलेल्या आपल्या मुला-नातवंडांच्या वर्गात तर या अॅलर्जीची मुले असण्याची शक्यता आणखी जास्त, आणि त्यांच्या वाट्याला कधी सोसणाऱ्याची, कधी पाहणाऱ्याची भूमिका येते.

आपल्या समाजातील छळाला पुष्कळदा प्रेमाचा चेहरा असतो, हे मान्य केले पाहिजे. आग्रह हा आपल्या पंगतीचा अलंकार आहे. "एका घासाने काय होते?", "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरे", "देवाचा प्रसाद आहे, याने काही होत नाही" ही वाक्ये उच्चारणाऱ्या मावशी-आत्यांच्या मनात माया असते. पण ताटापुढे बसलेल्या मुलाला त्या क्षणी सर्वांच्या नजरा, आईचा पडलेला चेहरा आणि आपले वेगळेपण एवढेच जाणवते. नकार दिला तर उद्धटपणा, घास घेतला तर जिवाला धोका! मोठ्यांचे हे वागणे चुलत-मावस भावंडे पाहत असतात आणि मुलांच्या खोलीत गेल्यावर त्याचीच नक्कल करतात.

खरे पाहता, ताटात काय आहे हे विचारण्याचा संकोच आपल्याला नसावा. यात कांदा-लसूण आहे का, कंदमूळ आहे का, हे आपण पिढ्यानपिढ्या विचारत आलो आहोत. त्यावरून डब्याच्या वेळी टोमणे ऐकलेली मुलेही आपल्याच घरांत आहेत. आपले पथ्य व्रताचे, त्या मुलाचे पथ्य शरीराचे. हे दोन्ही एक नव्हेत, परंतु आपल्या ताटावरून हसणे ऐकताना कसे वाटते, हे आपल्याला सांगावे लागू नये. ज्या घराला स्वतःच्या नियमाचा आदर हवा असतो, त्याने दुसऱ्याच्या नियमाचा आदर प्रथम करावा.

व्यवहारात करण्यासारखे पुष्कळ आहे. यजमानांनी आचाऱ्याला आधीच विचारून, दाणे, काजू, तीळ वा दूध असलेल्या पदार्थांपुढे तशी पाटी लावावी. वाढपी एका पदार्थाचा चमचा दुसऱ्यात घालणार नाहीत, हे पाहावे. बंद पाकिटातील खाद्यपदार्थांवर दूध, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन, गव्हासारखी ग्लूटेनयुक्त धान्ये इत्यादींची सूचना देणे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. ती सूचना वाचण्याची सवय मुलांना लावावी. शाळेत वाढदिवसाचा खाऊ पाठवताना वर्गात कुणाला अॅलर्जी आहे का, हे आधी विचारावे. पेन्सिली किंवा गोष्टीची पुस्तके वाटली तर प्रश्नच उरत नाही.

आपल्याकडे परदेशासारखे स्वयंचलित इंजेक्शन औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. म्हणून अॅनाफिलॅक्सिसचा धोका असलेल्या मुलाच्या पालकांनी, अॅड्रेनलिन घरी व शाळेत कसे ठेवावे, किती मात्रेत व कसे टोचावे, हे आपल्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे. औषधाची मुदत दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. तीव्र प्रतिक्रिया झाल्यास मुलाला चालवू नये, पाय किंचित उंच करून आडवे निजवावे. श्वास लागत असेल तर बसू द्यावे. अॅड्रेनलिनला अॅलर्जीची साधी गोळी हा पर्याय नव्हे. इंजेक्शन देऊन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावे, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

आणि आपले मूल छळ सोसणारे नसून करणारे आहे, असे कळले तर? हा प्रसंग अधिक अवघड. तेव्हा नाकारू नये, केवळ शिक्षा करूनही थांबू नये. श्वास कोंडणे म्हणजे काय, हे त्याला शांतपणे समजावून सांगावे. एखाद्याचा जीव ज्या पदार्थाने जाऊ शकतो तो हातात घेऊन हसणे म्हणजे काय, याचा विचार त्याला करायला लावावा. बहुतेक मुलांना हे कुणी सांगितलेलेच नसते. इंग्लंडमधील त्या मुलालाही ते वेळीच कळले असते, तर दोन घरे उद्ध्वस्त झाली नसती.

आपल्याकडे बहुसंख्य कुटुंबांना अॅलर्जीतज्ज्ञ मिळणे कठीण. घरचे डॉक्टर किंवा गावातील बालरोगतज्ज्ञ हेच त्यांचे सर्वस्व. त्यांच्याकडे एका रुग्णासाठी वेळ थोडा असतो, हे आपण जाणतो. पण या प्रश्नाला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, पाच मिनिटांचे बंद दार आणि ऐकणारा कान एवढेच लागते. डॉक्टर विचारत नसतील तर पालकांनीच त्यांना सुचवावे : "डॉक्टर, आज थोडे माझ्या मुलाशी एकट्याने बोलाल का?" आणि ते बोलत असताना आपण बाहेरच्या बाकावर शांतपणे बसावे.

दार उघडून मूल बाहेर आले की लगेच "काय विचारले? काय सांगितलेस?" असा भडिमार करू नये. हात धरून घरी आणावे. संध्याकाळी त्याचा आवडता, त्याला चालणारा पदार्थ करावा आणि घरातील सर्वांनी तोच खावा. उद्याच्या डब्याची गोष्ट ते त्या ताटावर बसूनच कदाचित स्वतः सांगू लागेल.